कॉम्प्युटरचं हाफ तिकीट

मंचरच्या स्टँडवर एसटी थांबली आणि ती चढली. जानेवारीतली सकाळ होती. काचांवर दव साचलेलं, आणि गाडी नारायणगावापासूनच भरलेली. तिच्या हातात बाजाराची मोठी पिशवी होती. पिशवी जड असावी, कारण ती दोन पावलं टाकायची आणि पिशवी कुठल्यातरी सीटच्या कडेला टेकवायची.

माझ्या शेजारची खिडकीची जागा सोडली तर गाडीत जागा नव्हती. खरं तर तीही भरलेलीच होती. तिथं माझा कॉम्प्युटर बसला होता. खाली चादरीची घडी, वरून आईची जुनी शाल.

"ही सीट कोणाची?" तिनं विचारलं.

"कॉम्प्युटरची."

तिनं शालीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "आजारी आहे का?"

"हो... म्हणून तर शाल."

"तिकीट काढलंय त्याचं?"

"हाफ काढलंय. कंडक्टर म्हणाले, सीटवर बसवायचा तर हाफ लागेल."

"मी फुल काढणार आहे," ती म्हणाली. "मग फुलवालीनं उभं राहायचं आणि हाफवाल्यानं खिडकीत बसायचं, हे कुठल्या कायद्यात बसतं ते सांगा."

मागच्या सीटवरचे एक बाबा हसले. "उचला पावणं. आज वकिलाशी गाठ पडली तुमची."

मी कॉम्प्युटर उचलून मांडीवर घेतला. ती आत सरकली, खिडकीशी बसली आणि तिनंही पिशवी मांडीवर घेतली. पिशवीचं तोंड उघडं होतं. आत कॉम्प्युटरचाच काळा डबा, आणि डब्याच्या कोपऱ्यावर नारंगी स्टिकर. माझ्या डब्यावरही तसाच नारंगी स्टिकर होता. आम्ही दोघांनी एकदमच पाहिलं.

"दसऱ्याची ऑफर?" मी विचारलं.

"नारायणगावचा सेल," ती म्हणाली. "काही जोडायचं नाही, खोक्यातून काढा आणि चालू करा."

"बिघडलं तर इंजिनिअर घरी येईल."

"वर्षभर बघायची गरज नाही."

मग आम्ही दोघंही हसलो. त्या दुकानदाराचं बोलणं दोघांना पाठ होतं.

तिचं नाव वृषाली. गाव अवसरी बुद्रुक. मी म्हणालो, मी गोरख, बोरी बुद्रुक.

"म्हणजे दोघंही बुद्रुकच," ती म्हणाली, आणि शालीचं टोक माझ्या मांडीवरून घसरत होतं ते तिनं सहज वर सरकवलं. जशी आजारी माणसावर सरकवतात तशी.

खेडपर्यंत आम्ही फक्त कंपनीला नावं ठेवली. माझं बोरीत स्टँडसमोर छोटं दुकान होतं. झेरॉक्स, सातबारा, पीकविम्याचे फॉर्म. मशीन बंद पडल्यावर मी कंपनीला फोन लावला. आधी बराच वेळ गाणं ऐकवलं, मग एक मुलगी हिंदीत म्हणाली की तुमच्या पिनकोडला घरपोच सेवा नाही, मशीन घेऊन पुण्याला या. वृषालीचं याहून भारी होतं. तिला एकानं फोन केला, इंजिनिअर निघालाय, मोबाईलवर नंबर आलाय तो सांगा. तिनं सांगितला. पाच मिनिटांत मेसेज आला, आपली तक्रार सोडवली आहे, धन्यवाद.

"मशीन माझ्यासमोर मेलेलं," ती म्हणाली, "आणि मी हातात धन्यवाद घेऊन बसलेली."

"मग पुन्हा तक्रार केली नाही?"

"केली. तर म्हणाले, मॅडम, नंबर तुम्हीच दिलात ना, म्हणजे काम झालं असणार."

मी हसलो, पण ती हसली नाही. ती बाहेर बघत होती. मग हळूच म्हणाली, "माझं हसण्यावारी न्यायचं राहिलेलं नाही हो."

ती लग्नाचे अल्बम बनवायची. मंचरचा एक फोटोग्राफर लग्नांचे फोटो तिच्या मशीनमध्ये टाकायचा आणि त्याची कार्डं पुसून पुढच्या लग्नाला न्यायचा. तुळशीच्या लग्नानंतरचा सगळा हंगाम त्या डब्यात होता. दुसरीकडं कुठंच नव्हता. ती रोज म्हणायची, दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवू, आणि रोज नवीन लग्न यायचं.

"आमच्या नानांनी मला एक वर्ष दिलंय," ती म्हणाली. नाना म्हणजे तिचे वडील, चिमाजी. "वर्षात माझं काम उभं राहिलं तर माझ्या लग्नाचं मी ठरवायचं. नाही राहिलं तर शिरूरचं स्थळ. मुलगा चांगला आहे म्हणे. मी त्याला पाहिलं, तो सगळा वेळ मोबाईलमध्ये क्रिकेट बघत होता. हे फोटो गेले तर फोटोग्राफर मला दारात उभं करणार नाही. आणि त्या मुलींना... आयुष्यभर लग्नाचे फोटो नाहीत. एकीची आजी तर लग्नानंतर आठ दिवसांत गेली. तिचा हसतानाचा एकच फोटो आहे, तो यात आहे."

तिनं पिशवीवर हात ठेवला होता. मी म्हणालो, "थंडी वाजत असेल तर शाल घ्या. कॉम्प्युटरला चालेल."

तिनं शाल घेतली.

सर्व्हिस सेंटर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद होती. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यांची लिफ्ट बंद, यावर ती पहिल्या मजल्यावर एकदा बोलली आणि दुसऱ्या मजल्यावर पुन्हा बोलली. तिसऱ्या मजल्यावर बोलायला दम नव्हता.

काउंटरवर एक तरुण होता. चेहऱ्यानं थकलेला, वागायला बरा. त्यानं आधी माझं मशीन घेतलं. कडेच्या पांढऱ्या सीलवरून बोट फिरवून पाहिलं, सील कापून पत्रा काढला आणि आत टॉर्च मारली. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "सर, हे लाल काय आहे?"

मी वाकून पाहिलं. पंखा लाल, तळाला पिवळं, आणि कोपऱ्यात चार तांदूळ.

लक्ष्मीपूजनाला आईनं दुकानाची पूजा केली होती. झेरॉक्स मशीनला हळदकुंकू, गल्ल्याला हळदकुंकू. कॉम्प्युटरला कुठं लावावं ते तिला कळेना. पुढच्या बाजूला बारीक भोकांची जाळी होती, तेच त्याचं तोंड असणार असं धरून तिनं तिथं चिमूटचिमूट वाहिलं होतं. अक्षताही तिथंच. मी शेजारी उभा राहून नमस्कार केला होता.

"कुंकू," मी म्हणालो.

त्यानं टाईप केलं आणि स्क्रीन माझ्याकडं वळवली. "बोर्ड गेलाय सर. पण आत फॉरेन पार्टिकल सापडलेत, त्यामुळं वॉरंटीत बसत नाही."

माझ्या खांद्यामागून आवाज आला. "फॉरेनचं कसं असेल हो? ओतूरच्या जत्रेतलं असणार ते."

त्या तरुणाला हसू आलं, पण त्यानं लिहिलेलं बदललं नाही. "नियम मी केले नाहीत मॅडम."

मग तिची पाळी आली. तिच्या मशीनचं सील त्यानं कापलं नाही, मागून टेस्टर लावूनच सांगितलं. बोर्ड चांगला, डिस्क चांगली, फक्त पॉवर सप्लाय जळालेला. वॉरंटीत बसत होतं. तिचा चेहरा उजळला. मग त्यानं एक कागद पुढं केला. मशीन कंपनीत जाईल. तिथून दुरुस्त झालेलं येईल, किंवा दुसरंच येईल. आतल्या माहितीची जबाबदारी कंपनीची नाही, डिस्क पुसली जाईल.

"मग आधी डिस्क काढून द्या मला," ती म्हणाली.

"डिस्क काढायची तर सील तुटतं मॅडम. मशीन पूर्ण असेल तरच वॉरंटी."

"तुम्हीच सील तोडा."

"माझ्यासमोर तुटलं काय आणि तुमच्या घरी तुटलं काय, सिस्टीममध्ये तुटलं असंच दिसतं."

"सप्लाय तरी विकत द्या. मी पैसे देते."

"सुटा येत नाही."

तिनं पेन हातात घेतलं. सहीच्या जागेवर पेनाचं टोक टेकवलं, आणि तसंच ठेवलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला. मी तिचा हात बघत होतो. बोटांना रंगाचे डाग होते, अल्बमच्या प्रिंटचे असतील. मला मनापासून वाटलं की या मुलीनं सही करू नये. पण मी कोण सांगणार... सकाळी तर भेटलो होतो.

तिनं पेन खाली ठेवलं. "उद्या आले तर चालेल?"

"चालेल मॅडम. पण सील तसंच पाहिजे."

परतीच्या गाडीत मागं एक पूर्ण बाक मिळाला. दोन्ही कॉम्प्युटर आमच्या मध्ये ठेवले. कंडक्टर आला, त्यानं बाकाकडं पाहिलं आणि म्हणाला, "ह्ये काय, वऱ्हाड हाय का?" तिनं तोंडावर पदर... नाही, ओढणी धरली. मी तिकिटं काढली आणि तिनं तिच्या वाट्याचे पैसे माझ्या खिशात कोंबले.

खेडच्या थांब्यावर खिडकीतून हरभऱ्याची जुडी घेतली. ती सोलायची, मला एक द्यायची, स्वतः एक खायची. टरफलं कॉम्प्युटरवर पडत होती.

"तुमच्यात बोर्ड गेलाय," ती अचानक म्हणाली.

"माझ्यात नाही, मशीनमध्ये."

"तेच. आणि सप्लाय?"

"सप्लाय ठीक आहे म्हणाला तो."

ती सोलायची थांबली. "माझा सप्लाय गेलाय. बोर्ड ठीक आहे. मशीन एकाच कंपनीची, एकाच सेलमधली."

माझ्या हातातला दाणा हातातच राहिला.

"तुमचं जे चालू आहे, ते माझं बंद आहे," ती सावकाश म्हणाली, जणू गणित करत होती. "आणि माझं जे चालू आहे..."

"ते माझं बंद आहे."

माझा सप्लाय तिच्या मशीनला लावून पाहायचा, हे दोघांच्याही मनात एकदमच आलं. तिला भीती होती ती साधी होती. सील एकदा तोडलं की कंपनीचं दार बंद. मग माझा सप्लाय तिच्या मशीनला लागला नाही किंवा लावताना काही जळालं, तर फोटोही जातील आणि मशीनही.

"जुन्नरला कपिल म्हणून माझा मित्र आहे," मी म्हणालो. "कॉलेजला बरोबर होता. बाजारपेठेत दुकान आहे त्याचं. त्याला विचारून सांगतो. पण सील तुम्हीच तोडायचं. तो किंवा मी हात लावणार नाही."

"आणि फसलं तर?"

"तर मी शिरूरला येऊन त्या पोराचा मोबाईल बंद पाडतो."

ती हसली. मंचरला उतरताना शाल परत द्यायला विसरली. मी आठवण करून दिली नाही.

रविवारी जुन्नरचा बाजार असतो. ती सकाळच्या गाडीनं आली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात शाल, घडी करून, धुतलेली. सोबत तिचे वडीलही आले होते. चिमाजीनाना अंगानं उंच, बोलायला कमी. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, दुकानाच्या पाटीकडं पाहिलं, आणि बाहेरच्या स्टुलावर पेपर उघडून बसले. पेपर वाचत होते असं मला वाटलं नाही.

कपिलनं माझं मशीन उघडलं. "आयला, गोरखभाऊ, हे मशीन हाय का देव्हारा?" म्हणाला. ब्रशनं कुंकू झाडून त्यानं सप्लाय बाहेर काढला आणि तिला त्याची पिन दाखवली. "ताई, हे बघा. कंपनीनं पिनच वेगळी ठेवलीय. माझ्याकडं दहा सप्लाय पडलेत, एकबी लागायचा नाय. ह्याला ह्याचा भाऊच लागंल. तो गोरखभाऊनं आणलाय."

"चालेल का पण?"

"मला वाटतं चालंल. लिहून नाय देत."

ती तिच्या मशीनसमोर उभी राहिली. सीलवर अंगठ्याचं नख ठेवलं. मग मागं वळून बाहेर वडिलांकडं पाहिलं. नानांनी पेपर खाली केला.

"तुझं मशीन हाय," ते म्हणाले. "माझ्याकडं कशाला बघतीस?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी शालीची घडी तिच्या हातातून घेतली, म्हणजे तिचे दोन्ही हात मोकळे झाले. तिनं सील ओढलं. पत्र्यावर चिकट पांढरी अक्षरं उरली. आता कंपनी आमची नव्हती आणि आम्ही कंपनीचे नव्हतो.

कपिलनं सप्लाय बसवला, वायरी लावल्या, बटण दाबलं. काही झालं नाही.

पुन्हा दाबलं. काही नाही. तिचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं आणि मला खाली बघावंसं वाटलं. कपिल वायरी चाचपत होता. दुकानात बाजाराचा गलका येत होता, कोणीतरी मेथीचा भाव ओरडत होतं. मग बाहेरून नाना म्हणाले, "भिंतीवरचं बटण चालू हाय का, भाऊ?"

कपिलनं भिंतीकडं पाहिलं, जीभ चावली आणि बटण खाली केलं.

पंखा फिरला. माझ्या सप्लायमध्ये राहिलेलं थोडं कुंकू त्याच्या वाऱ्यानं उडालं आणि कपिलच्या शर्टावर पडलं. स्क्रीन उजळली. वृषालीनं खुर्ची ओढून एक एक लग्न उघडून पाहिलं. अवसरी, घोडेगाव, पेठ, कळंब. सगळी होती. शेवटी तिनं एक फोटो मोठा केला. एक म्हातारी, तोंडात दात नाहीत, डोक्यावर अक्षता पडलेल्या, आणि मोकळं हसू. ती आजी.

वृषाली मागं टेकली आणि तिनं इतका मोठा श्वास सोडला की कपिलच्या टेबलावरची बिलं हलली. मग तिनं मशीनला दोनदा थापटलं, जसं गाईला थापटतात.

"तुमचा सप्लाय परत कधी द्यायचा?" तिनं विचारलं.

"अल्बम होईपर्यंत ठेवा."

"आणि तुमचं दुकान?"

"बघू काहीतरी."

ते काहीतरी मला दोन दिवसांत सापडलं. बोरीच्या लोकांचे फॉर्म पिशवीत घालायचे, मोटरसायकल काढायची आणि अवसरीला जायचं. तिच्या ओसरीवर बसून भरायचे. आठवड्यातून दोनदा म्हणता म्हणता तीनदा झालं. तिचं काम चालू असलं की मी तिथंच बसून चहा प्यायचो आणि ती नवऱ्यामुलींच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसायची. मला म्हणायची, "असं बघू नका, तुमचीपण पुसून देईन."

गावात बोलणं सुरू झालं. सोसायटीच्या कट्ट्यावरून रखमाजीकाका ओरडायचे, "गोरख, पीकविमा भराया अवसरीला? नारायणगावात नेट नाय व्हय?"

"तिथलं नेट लई फास्ट आहे, काका."

"आसंल बाबा. आमच्या वेळी नेट नव्हतं, तरी फास्ट व्हतं."

आई प्रयागबाई काही विचारायची नाही. फक्त जाताना डब्यात शेंगदाण्याची चटणी जास्तीची घालायची.

फाल्गुन सरत आला तेव्हा तिचा फोन आला. अल्बम सगळे गेले होते, फोटोग्राफरनं पुढच्या हंगामाचंही काम दिलं होतं. "नाना म्हणाले, वर्ष पुरं व्हायच्या आत जिंकलीस. शिरूरला नकार कळवलाय," ती म्हणाली. आणि मग, "तुमचा सप्लाय काढून घेऊन जा. कोणाची वस्तू किती दिवस ठेवायची..."

मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन गेलो. वाटेत उन्हाळी कांदा काढणं चालू होतं, सगळा रस्ता कांद्याच्या वासाचा. मला आनंद व्हायला पाहिजे होता, तिचं काम उभं राहिलं होतं. पण मी गाडी इतकी हळू चालवली की सायकलवाला पुढं गेला.

मशीन ओसरीवर काढून ठेवलं होतं. ती समोर बसली. मी पहिला स्क्रू काढला. दुसरा काढला. ती स्क्रू तळहातावर घेत होती. तिसरा तिच्या हातावर ठेवताना माझं बोट तिच्या हाताला लागलं आणि तिनं हात मिटला. माझं बोट आतच राहिलं.

"हा काढला की माझं बंद पडणार," ती म्हणाली.

"हो."

"आणि तुमचं चालू होणार नाही. बोर्ड तर गेलेलाच आहे."

"नाही होणार."

"मग काढताय कशाला?"

"तुम्ही म्हणालात म्हणून..."

"मी काहीही म्हणेन," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "तुम्हाला डोकं नाही का?"

मी म्हणालो, "मला मशीन नको आहे, वृषाली. मला इथं यायला कारण पाहिजे. ते आज संपतंय म्हणून मी वीस मैलांवरून रडतखडत आलोय."

तिनं मूठ उघडली आणि स्क्रू माझ्या हातावर ठेवले. मग म्हणाली, "असं करा. मशीन तुम्ही घेऊन जा."

"आणि तुमचं काम?"

"मशीन जिथं असेल तिथं मला यावंच लागेल ना."

आतून खाकरण्याचा आवाज आला. दाराआड नाना उभे होते. "आधी ते स्क्रू लावा," ते म्हणाले. "उघडं मशीन आन् उघडं बोलणं, दोन्हीत धूळ जाती. आईला घेऊन या रविवारी."

वैशाखात लग्न झालं. आमचा अल्बम तिनंच केला आणि त्यात माझी काळी वर्तुळं तशीच ठेवली. म्हणाली, पुसली तर ओळखू येणार नाही.

मशीन तिच्याबरोबर बोरीला आलं. पहिल्याच दिवशी आई हळदकुंकवाचं ताट घेऊन त्याच्याकडं निघाली. मी घाबरून उठलो, पण वृषाली आधी पोचली. "आई, थांबा," म्हणाली, आणि आपल्या पर्समधल्या टिकल्यांच्या पाकिटातून एक लाल टिकली काढून तिनं डब्याच्या कपाळावर चिकटवली. "ही आत जात नाही." आईला ते पटलं. मग दर लक्ष्मीपूजनाला एक नवी टिकली, जुनीच्या शेजारी. दुकानात येणारी माणसं विचारायची आणि वृषाली प्रत्येकाला कुंकू फॉरेनचं कसं ठरलं ते सांगायची. दरवेळी थोडं वाढवून.

सकाळी दुकान उघडलं की ती मशीनला दोनदा थापटायची, मग बटण दाबायची. पुण्याला, जुन्नरला, कुठंही एसटीनं गेलो तरी खिडकी तिची. बायकांना हाफ तिकीट झालं तेव्हा ती म्हणाली, "घ्या. आता मी आणि तुमचा कॉम्प्युटर एकाच दराचे."

ती गेली त्याला आता दुसरा पावसाळा चालू आहे. तापाचं निमित्त झालं. त्याविषयी मला जास्त लिहिता येत नाही.

दुकान मी चालवतो. मशीन तेच. लोक म्हणतात नवं घे, मी म्हणतो चालतंय ना. सकाळी मीच दोनदा थापटतो.

गेल्या आठवड्यात थापटलं, बटण दाबलं, आणि काही झालं नाही. मी भिंतीवरचं बटण पाहिलं. चालू होतं. सगळ्या वायरी पाहिल्या. मग दुकानाचं शटर अर्धं ओढून मी स्टुलावर बसून राहिलो. फोटो दुसरीकडं ठेवलेले आहेत, ते तिनंच शिकवलं होतं. फोटोंची काळजी नव्हती. पण त्या डब्यातला बोर्ड तिचा होता. इतकी वर्षं तो चालत होता आणि मला वाटत होतं, चालतोय तोवर ठीक आहे. आता तोही गेला असं मनानं धरलं.

आईनं शाल काढून दिली. तीच शाल. मशीन गुंडाळून मी जुन्नरला गेलो. कपिलनं शाल सोडवली. मशीन उघडलं, मीटर लावला, इकडं तिकडं टेकवून पाहिलं. मी बाहेर बाजाराकडं बघत उभा होतो. नाना बसायचे ते स्टूल तिथंच होतं.

"गोरख, इकडं ये," कपिल म्हणाला.

मी गेलो नाही. "सांग तिथूनच."

"वहिनींचा बोर्ड ठणठणीत हाय. गेलाय तो तुझा सप्लाय."

मी वळलो. "नक्की?"

"नक्की. लिहून देतो पायजे तर. तिचं काय बी झालं नाय, तुझंच जळालंय."

मला हसू आलं. बऱ्याच महिन्यांनी आलं, आणि आल्यावर थांबेना. कपिलही हसायला लागला, मग त्यानं तोंड फिरवून उगीच एक वायर शोधायला घेतली. मी स्टुलावर बसलो आणि शालीला डोळे पुसले. छातीवरचा दगड कोणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं वाटलं.

आता त्या पिनेला जोडणारी केबल मिळते. कपिलनं साधा, नवा सप्लाय लावला. मी दोनदा थापटलं आणि बटण दाबलं. पंखा फिरला. इतक्या वर्षांनीही त्यातून कुंकवाचा एक कण बाहेर आला की मला तसं वाटलं, सांगता येत नाही.

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. कंडक्टर आला.

"बोरी," मी म्हणालो. "एक फुल, एक हाफ."

त्यानं मशीनवर बोट ठेवलं आणि इकडं तिकडं पाहिलं. "लेडीज कुठायत?"

मी शाल थोडी बाजूला केली. डब्याच्या कपाळावर टिकल्यांची रांग होती. तो पोरगाच होता, त्याला काय कळलं कोण जाणे. त्यानं टिकल्या पाहिल्या, माझ्याकडं पाहिलं.

"सामानाचं तिकीट येगळं आसतं, भाऊ," तो हळू म्हणाला.

"माहीत आहे. तुमच्या नियमात बसेल ते द्या."

त्यानं तिकिटं दिली आणि पुढं गेला. मी उठलो. कॉम्प्युटर खिडकीकडं सरकवला, शाल नीट केली, आणि शेजारी बसलो.